शॉर्टली म्हणजे नेमकं केव्हा

अकोल्याची पाहुणेमंडळी हर्षाला पाहून गेली. आलूपोहे दोनदा मागून घेतले, माणिकबाईंच्या शेवयांच्या खिरीची तोंडभरून तारीफ केली, गच्चीवर जाऊन पाण्याची टाकीसुद्धा पाहिली. संध्याकाळी मुलाच्या वडिलांचा, म्हणजे भगवंतरावांचा, मोबाइलवर निरोप आला: 'सुखरूप पोचलो. विल इन्फॉर्म शॉर्टली.'

दुसऱ्या कुणा बापानं हे वाचलं असतं, बायकोला दाखवलं असतं आणि जेवायला बसला असता. वामनरावांचं तसं नव्हतं. अमरावतीच्या एका सरकारी कचेरीतून ते हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते, आणि उभ्या नोकरीत एखादा शब्द त्यांनी वापरून वापरून गुळगुळीत केला असेल तर तो हाच. अर्ज मंजूर करायला साहेबाची सही लागते, नामंजूर करायलाही लागते; 'शॉर्टली'ला कुणाचीच लागत नाही. तो लिहिला की माणूस घरी जातो, कागद कपाटात जातो आणि टेबलावर चहा ठेवायला जागा होते. बाकी जगाला या शब्दाचा अर्थ ठाऊक नसेल, वामनरावांना पक्का ठाऊक होता. त्याचा अर्थ, पुन्हा येऊ नका.

तरी स्वाभिमान काही निवृत्तीच्या दिवशी कचेरीत जमा करून घेत नाहीत. मुलीकडचे झालो म्हणून काय झालं? त्यांनी चष्मा लावला, घसा खाकरला (टाइप करायला घसा खाकरावा लागत नाही, पण सवय ती सवय) आणि उत्तर धाडलं: 'नोटेड. वुई विल ऑल्सो इन्फॉर्म शॉर्टली.' त्यातल्या 'ऑल्सो'वर ते स्वतःच बेहद्द खूश झाले. माणिकबाईंना त्यांनी ते दोनदा वाचून दाखवलं.

"यात होकार कोठी हाये?" माणिकबाईंनी विचारलं.

"होकार पहिल्याच पत्रात देत नसतात," वामनराव म्हणाले.

खरं दुखणं मात्र टीव्हीशेजारच्या बाटलीत होतं. मुलगा, स्वप्निल, अकोल्याबाहेर जरबेराच्या फुलांची शेती करतो. पेढ्यांच्या पुड्याऐवजी तो एकच लाल जरबेरा घेऊन आला होता आणि हर्षाच्या हातात देताना म्हणाला होता, "रोज देठ थोडा कापत जा. मंग टिकते." एवढंच. पुढे त्यानं तिचा नंबर मागितला, तेव्हा वामनराव मध्ये पडले होते: "आधी निरोप येऊ द्या, मग नंबर." आता हर्षा रोज सकाळी भातकुलीच्या माती तपासणी केंद्रात कामाला निघण्याआधी कात्री घेऊन बसायची, देठ तिरपा कापायची, पाणी बदलायची आणि स्कूटी काढायची. याआधी दोन स्थळांनी असंच 'कळवतो' म्हणून कळवलं नव्हतं, आणि त्या वेळी तिनं घरात कुठलंही फूल ठेवलं नव्हतं. हा फरक वामनरावांच्या लक्षात आला. पोरीला मुलगा आवडला होता.

आठवड्याभरात फूल बाटलीतून ग्लासात आलं.

वामनरावांना चैन पडेना. ते दारापर्यंत जायचे, परत यायचे, मोबाइल उघडायचे, बंद करायचे, तो बंद पडला नाही ना म्हणून माणिकबाईंच्या मोबाइलवरून स्वतःलाच फोन लावायचे. लग्न जुळवणारे मध्यस्थ नत्थुजी यांना रोज फोन व्हायचा. नत्थुजी रोज म्हणायचे, "अकोल्यालेच जाऊन राहिलो भाऊ, रस्त्यातच हावो." आणि मागे बँड वाजत असायचा, कारण ते धामणगाव रेल्वेला दुसऱ्याच्या लग्नात जेवत असायचे. वऱ्हाडात 'येऊन राहिलो' म्हणजे माणसाची अजून आंघोळ व्हायची असते आणि 'निंगालो' म्हणजे तो चप्पल शोधत असतो, हे शेंबडं पोरसुद्धा जाणतं. त्याबद्दल कुणाची तक्रार नसते. पण इंग्रजी शब्दाला काही मान असतो की नाही?

शेजारचे धर्मेंद्र विमा विकतात, आणि विमा कुणी घेत नसल्यामुळे सल्ला फुकट देतात. ते म्हणाले, "तुमी फोन कराचाच नाई. पोरीवाल्यानं फोन केला का भाव पडते." दुसऱ्या दिवशी कुंपणावरून म्हणाले, "अजून फोन नाई केला? मंग ते समजतीन का तुमालेच गरज नाई." तिसऱ्या दिवशी त्यांनी सुचवलं की फोन करावा, पण उचलला की कापावा, म्हणजे केल्यासारखाही होतो आणि न केल्यासारखाही. वामनरावांनी हा प्रयोग चुकून भलत्याच नंबरावर केला. तो गृहस्थ हिवरखेडचा निघाला आणि परत फोन करून करून त्यानं जीव खाल्ला.

शेवटी वामनरावांनी ठरवलं, शब्दाच्याच मुळाशी जायचं. कचेरीत आपण वापरत होतो तो अर्थ बाटलेला असेल; मूळचा अर्थ कदाचित सज्जन असेल. एखादा जाडजूड शब्दकोश 'शॉर्टली म्हणजे अमुक दिवसांच्या आत' असं लिहून मोकळा झाला असेल, तर निदान झोप तरी लागेल. मोबाइलवर पाहिलं तर दोन अर्थ निघाले. एक, थोड्याच वेळात. दोन, तुटकपणे, तिरसटून. दुसरा वाचल्यावर त्यांनी पहिल्यावरही विश्वास ठेवायचं सोडून दिलं. मोबाइलवर काय, कुणीही काहीही लिहितं.

म्हणून ते वाचनालयात गेले. शब्दकोश कपाटात होता, काचेतून दिसत होता, पण तो सभासदांनाच हातात मिळे. सभासद व्हायला दोन फोटो आणि ओळख देणारा एक जुना सभासद हवा. जुने सभासद वर्तमानपत्र वाचत बसले होते, पण त्यांतला कुणीही वामनरावांना ओळखायला तयार होईना. एक जण तर ओळखून तयार होईना; त्याचा अर्ज पूर्वी वामनरावांच्या टेबलावर होता. शेवटी फोटो आले, ओळख आली, अर्ज भरला गेला आणि खिडकीतल्या बाईंनी तो उलटासुलटा पाहून बाजूला ठेवला.

"मग शब्दकोश?" वामनरावांनी विचारलं.

"समितीची बैठक झाली की कळवू," बाई म्हणाल्या. "शॉर्टली."

वामनराव काचेला नाक लावून थोडा वेळ उभे राहिले आणि घरी आले. फूल ग्लासातून वाटीत आलं होतं.

गल्लीच्या टोकाला गीतांजली मॅडम राहायच्या. कॉलेजात इंग्रजी शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि कुणी काही विचारावं म्हणून आसुसलेल्या होत्या. वामनरावांनी शब्द उच्चारताच त्यांनी चहा टाकला, पंखा लावला आणि दार ओढून घेतलं.

"फार जुना शब्द," मॅडम म्हणाल्या. "हजारेक वर्षांचा. आणि गंमत म्हणजे सुरुवातीला त्याचा वेळेशी संबंधच नव्हता. शॉर्टली म्हणजे थोडक्या शब्दांत. पाल्हाळ न लावता. 'थोड्या वेळात' हा अर्थ मागून चिकटला."

"म्हणजे थोडक्यात सांगतो म्हणायचं आणि सांगायचंच नाही, हे नंतर आलं," वामनराव म्हणाले.

"ते आपल्याकडचं," मॅडम म्हणाल्या. "आता मूळ ऐका. शॉर्ट हा शब्द आला कापण्यावरून. कापलेलं ते शॉर्ट. इंग्रजीतले शर्ट आणि स्कर्ट हे त्याचेच भाऊबंद. आणि अभ्यासक म्हणतात की आपली कात्रीसुद्धा लांबून त्याच कुळातली."

वामनरावांचा चहा अर्ध्यावर थांबला. ते शब्दाचं कूळ शोधायला आले होते आणि कुळात कात्री निघाली होती. मोबाइलवर तिरसटपणा निघाला, मॅडमकडे कापाकापी. जितकं खोल जावं तितकं स्थळ लांब चाललं होतं. मॅडम पुढे दुसऱ्या एका क्रियाविशेषणाकडे वळल्या होत्या, पण वामनराव "शॉर्टली येतो" म्हणून उठले आणि पायरीवर आल्यावर आपण काय बोललो ते आठवून स्वतःवरच चिडले.

वाटेत हुसेन मास्टरांचं शिलाईचं दुकान लागायचं. वामनरावांनी साक्षगंधासाठी, म्हणजे साखरपुड्यासाठी, सफारी शिवायला टाकला होता. साक्षगंध ठरायच्या आत सफारी टाकणं हा उतावीळपणा होता, पण कापड सेलमध्ये मिळालं होतं. सफारी केव्हाच तयार झाला होता आणि दारातच टांगला होता. बातमी आल्याशिवाय तो घरी नेणं वामनरावांना अपशकुनी वाटे.

"साहब, ले जाओ ना," हुसेन मास्टर म्हणाले. "सब गिऱ्हाईक पूछते हैं, किसका है, शादी किसकी है. मैं क्या बोलूं?"

"शॉर्टली नेतो," वामनराव म्हणाले. जीभ कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

शनिवारी सकाळी त्यांनी चहाचा आपला कप मागितला. निळ्या काठाचा, कचेरीतून निवृत्त होताना भेट मिळालेला. माणिकबाईंनी स्टीलचा ग्लास पुढे केला आणि डोळ्यांनीच टीव्हीकडे दाखवलं. फूल आता वाटीतून कपात आलं होतं. देठ इतका आखूड झाला होता की वाटीत ते बुडायचं. कपाच्या काठावर मात्र पाकळ्या टेकून राहत. हर्षा कात्री ठेवून स्कूटीची किल्ली शोधत होती आणि पाठमोरी असतानाच म्हणाली, "बाबा, कप लागत असन तं काढते."

"नाही लागत," वामनराव म्हणाले. "ग्लासात चहा जास्त गरम राहतो." त्यांना भडभडून आलं होतं, पण चहा खरोखरच गरम असल्यामुळे डोळ्यांत पाणी यायला कारण होतं.

त्याच क्षणी त्यांनी ठरवलं की अकोल्याला जायचं.

मुलीच्या बापानं मुलाच्या दारात जाऊन 'काय ठरलं?' विचारायचं नसतं. धर्मेंद्रनी त्यावर तोड काढली. रविवारी त्यांच्या गाडीनं जायचं, घरासमोरून नुसती चक्कर मारायची, उतरायचं नाही. "दुसरी पोट्टी पसंत केली असन तं घराले रंग देऊन राहिले असतीन. दिसूनच जाते." घरी सांगताना वामनराव म्हणाले की जुन्या साहेबांना भेटायला जातो. माणिकबाईंना साहेब गेल्या वर्षीच वारल्याचं ठाऊक होतं. त्यांनी फक्त डब्यात पोळ्या जास्त घातल्या.

धर्मेंद्रची गाडी मूर्तिजापूरजवळ तापली. तिथला मेकॅनिक अजहर यानं झाकण उघडताच सांगितलं, "चाचा, ये पाइप बदल लो. आज नहीं तो कल फटेगा."

"बदलू न, लवकरच," धर्मेंद्र म्हणाले. "आज फक्त पट्टी मार."

अजहरनं पट्टी मारली. अकोला आलं, वसाहत आली, गल्ली आली. धर्मेंद्रनी गाडी अगदी हळू केली, आणि वामनरावांनी मान खाली घालून काचेतून पाहिलं.

घराला रंग चालला होता.

फाटक निम्मं हिरवं झालं होतं. ओट्यावर डबा होता, ब्रश होता, जुन्या बनियनमधला एक माणूस पाठमोरा बसून रंग फासत होता. "चला," ते पुटपुटले. "समजलं. चला लवकर." पण गाडीनं त्याच वेळी मोठा सुस्कारा टाकला, पुढून पांढरी वाफ काढली आणि नेमकी फाटकासमोर बंद पडली. बनियनवाला माणूस वळला. ते स्वतः भगवंतराव होते, आणि त्यांच्या नाकावर हिरवा ठिपका होता.

"वामनराव? तुमी?"

"सहज," वामनराव म्हणाले. "इकडून चाललो होतो."

ती गल्ली पुढे बंद होती. भगवंतरावांनी तसं सांगितलं नाही. पाहुण्याला तसं सांगत नाहीत. "या, या," म्हणाले. "फाटकाले हात लावू नका फक्त."

दिवाणखान्यात सगळे बसले. पाणी आलं. उन्हाबद्दल बोलणं झालं, कापसाबद्दल झालं, यंदा संत्र्याला फूट कशी आली ते झालं. मूळ विषयाला कुणी शिवेना. धर्मेंद्रनी भिंतीकडे पाहत विचारलं, "रंग काढला वाटते? काही कार्य?"

"कार्य कायचं!" भगवंतराव म्हणाले. "हात रिकामे राह्यले का मोबाइल पाहावा वाटते. म्हणून रंगवून राहिलो. पयले ओटा रंगवला, मंग खिडक्या. आता फाटकच उरलं होतं."

यावर त्यांच्या पत्नी केशरबाई आतून तरातरा आल्या. चहाचा ट्रे त्यांनी आदळलाच.

"भाऊजी, आमचा पोट्टा पसंत नसन तं तसं तोंडावर सांगून द्या न," त्या म्हणाल्या. "थे शॉर्टली कायले? हे सारा जलम कचेरीत हेडक्लार्क होते, हेच लिवत होते. याईनंच मले सांगतलं, शॉर्टली म्हणजे नाई. पोरगा तिकडे धड जेवून नाई राह्यला."

वामनराव उडालेच. "अहो, पण पहिलं शॉर्टली तर तुमचं!"

"थे तं मी सवयीनं लिवलं," भगवंतराव म्हणाले. "पोचलो म्हणून लिवलं, मंग खाली शेवटाले काही तरी पायजे न. नाई तं पत्र उघडं वाटते."

"मीही सवयीनंच लिहिलं."

"पण तुमी 'ऑल्सो' लिवलं! मी समजलो, याईच्या हाताशी दुसरा पोट्टा हाये."

दोन निवृत्त हेडक्लार्क एकमेकांकडे पाहत राहिले. आयुष्यभर ज्या शब्दानं त्यांनी लोकांना घरी पाठवलं होतं, त्याच शब्दानं त्यांनी एकमेकांना घरी बसवलं होतं. वामनरावांना हसू यायला हवं होतं, पण आधी लाज वाटली, आणि त्या कपातल्या फुलाची आठवण झाली.

"मग तुमचं उत्तर काय?" त्यांनी विचारलं.

"आधी तुमचं येऊ द्या," भगवंतराव म्हणाले. "शेवटचं पत्र तुमचं होतं, त्याचा खुलासा व्हाले पायजे."

"पण मूळ संदर्भ तुमच्या पत्राचा आहे."

"संदर्भ असन, पण प्रलंबित तुमच्याकडं हाये."

हे आणखी बराच वेळ चाललं असतं, कारण दोघांनाही त्यात रंग चढू लागला होता. पण केशरबाईंनी कंबरेवर हात ठेवले. "थोडक्यात सांगा," त्या म्हणाल्या. "दोघंबी."

थोडक्या शब्दांत, पाल्हाळ न लावता. वामनरावांना गीतांजली मॅडम आठवल्या. त्यांनी तोंड उघडलं. आत 'तत्त्वतः', 'सहानुभूतीपूर्वक' आणि 'वरिष्ठांच्या मान्यतेच्या अधीन राहून' हे सगळे रांगेत उभे होते. नोकरीत त्यांनी स्वतःच्या नावावर एकही निर्णय घेतला नव्हता. सही नेहमी दुसऱ्याची. आता वरिष्ठ कुणीच नव्हतं. समोर नाकावर हिरवा ठिपका असलेला, आपल्याइतकाच घाबरलेला एक बाप होता.

"हो," वामनराव म्हणाले.

"आमचंबी हो," भगवंतराव एका दमात म्हणाले आणि चेहरा पुसला, त्यामुळे ठिपका गालभर झाला.

"पण शेवटचा शब्द हर्षाचा," वामनराव म्हणाले. हे मात्र त्यांनी सवयीनं म्हटलं नव्हतं. तेवढ्यात स्वप्निल फुलांच्या शेडवरून आला. दारात गाडी आणि सोफ्यावर वामनराव पाहून तो उंबऱ्यातच उभा राहिला. वामनरावांनी हर्षाचा नंबर लावला आणि मोबाइल त्याच्याच हातात दिला. आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

"हर्षा," स्वप्निल म्हणाला, आणि पुढचं सगळं विसरला. "थे फूल... हाये का अजून?"

दोघे बाप मोबाइलकडे वाकले.

"आहे," हर्षा म्हणाली. "बाबांच्या कपात आहे. पण आता कापाले देठ नाई उरला. लवकर या."

लवकर. वामनरावांनी हा शब्द आयुष्यात किती कागदांवर टाकला होता. 'लवकरच कळविण्यात येईल' हे तर त्यांच्या बोटांना पाठ होतं. पण त्याचा असा अर्थ असतो, तो असा छातीत येऊन बसतो, हे त्यांना आज कळलं. त्यांनी धर्मेंद्रकडे पाहिलं तर धर्मेंद्र रुमाल शोधत होते.

मग जे झालं ते वऱ्हाडात सहसा होत नाही. केशरबाईंनी उभ्या उभ्या लुगडं बदललं. स्वप्निल शेडवर जाऊन ओंजळभर जरबेरा कापून आला, लांब देठांचे. भगवंतरावांनी गालावर रॉकेल चोळलं आणि गाडी काढली. धर्मेंद्र म्हणाले, "तुमी व्हा पुढं, आमी मागं हावोच." त्यांनी गाडीत पाणी ओतलं, ती सुरू झाली आणि मूर्तिजापूरपर्यंत गुणानं आली. तिथे पाइप फुटला.

"मैंने बोला था, चाचा," अजहर म्हणाला, आणि कामाला लागला.

वामनरावांनी वाकून बॅटरीचा उजेड धरला. शर्टाला काळं तेल लागलं, उरल्यासुरल्या केसांत धूळ गेली. माणिकबाईंना त्यांनी निरोप पाठवला: 'रीचिंग शॉर्टली.' जन्मात पहिल्यांदा त्यांनी तो शब्द मनापासून लिहिला होता.

घरी पोचले तेव्हा दिवे लागले होते आणि दारात चपलांना जागा नव्हती. गल्लीतले निम्मे लोक आत होते. गीतांजली मॅडम होत्या. माणिकबाईंनी फोन केला म्हणून हुसेन मास्टर स्वतः सफारी घेऊन आले होते; तो दारामागच्या खुंटीवर टांगलेला होता. वामनराव स्वतःच्या दारात तेलकट, धुळकट उभे राहिले. त्यांच्याच आरामखुर्चीत बसलेले भगवंतराव लगबगीनं उठले.

"या, या वामनराव!" ते म्हणाले. "उभे काहून? बसा. पोरगी चहा घेऊन येऊनच राह्यली."

'येऊनच राह्यली' म्हणजे काय हे वामनरावांना ठाऊक होतं. ते खुर्चीत टेकले, पाय लांब केले आणि निवांत डोळे मिटले. पण डोळे मिटतात न मिटतात तोच बांगड्या वाजल्या.

"बाबा, चहा," हर्षा म्हणाली.

त्यांनी पाहिलं. टीव्हीशेजारी बादलीभर ताजे जरबेरा उभे होते. हर्षाच्या हातात स्टीलचा ग्लास होता, कारण कपात अजून ते जुनं फूलच होतं.